दुसरं कार्ड

बुधवारी अंगणवाडीत मायलेकरांची रांग.
सगळ्यांच्या मांडीवर कोणी ना कोणी,
माझ्या मांडीवर थर्मास.
आत नागपूरहून आणलेली कुपी,
लाखांदूरच्या एसटीत चार तास
पदराखाली धरलेली, बर्फासकट.

"वय?" मडावी सिस्टर विचारते, माहीत असून.
छत्तीस, मी म्हणते. रक्ताचं धरलं तर अकरा महिने.
तिच्या रजिस्टरात माझ्यासाठी रकाना नाही.
ती समासात लिहिते, पेन्सिलीने,
आणि खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकून देते.

जुन्या रक्ताला सगळं ठाऊक होतं :
धनुर्वात, गोवर, पाचवीतल्या कांजिण्या,
तेव्हा मायने कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेलं.
औषधांनी ते सारं धुऊन काढलं.
आता हाडांत शालिकदादाचं बी.
गट त्याचा, घरचे म्हणतात रागही त्याचाच,
पण आठवण कोरी.
नव्या सुनेला गल्ली दाखवावी
तशी एकेकाची ओळख करून द्यायची :
हा घटसर्प.
ही नागीण. तिचं तोंड शेपटीला मिळू द्यायचं नाही,
आजी म्हणायची.
मी म्हणते, उंबऱ्याच्या आतच येऊ द्यायची नाही.

गोवर तेवढा राहिला.
त्याची लस जिवंत असते, निदान दोन वर्षं थांबा,
डॉक्टर म्हणाले.
तोवर?
तोवर आजूबाजूच्यांनी घ्यायची.

आजूबाजूचे म्हणजे
आमच्या पीठगिरणीच्या भिंतीला भिंत लागून
प्रणाली नेवारे.
पोरगी दहा महिन्यांची. मागच्या सुईने ताप आला,
म्हणून सासू आता नाही म्हणते.

मी गेले. मास्क लावून, कुंपणाच्या अलीकडेच थांबले.
घरून ठरवून नेलेलं सगळं विसरले.
म्हटलं, मले नाही न घेता येत ते, बाई.
तुह्या पोरीले टोचलं तं मले लागते.
सासू तांदूळ पाखडत होती. हात थांबला नाही.
"आता हे काय नवीन," म्हणाली, कोंड्याला.

पंधरा दिवस गिरणीचा पट्टा ऐकत बसले,
भिंतीपलीकडचा खोकला मोजत.

आज पडवीतून दिसतंय :
रांगेत माझ्यापुढे दोघी सोडून प्रणाली,
दाराशी सासू, पाठ करून,
जणू दुसऱ्याच कामाला आलेली.
सुई. पोरगी किंचाळली,
आणि मी माझाच दंड चोळत बसले,
थर्मास घसरेपर्यंत.

मग माझी पाळी.
सिस्टरने बाही वर केली,
सवयीने म्हणाली,
"रडायचं नाही हं, शहाणी पोर ती."