छपरावर बर्फ टिकला

पहाटे चारला वहीत मी लिहिलं:
भट्टी पूर्ण तापमानावर,
छपरावर वीतभर बर्फ, तसाच.
गोचा, आमचा साहेब, खांद्यावर थाप मारून गेला.
म्हणाला, मकवाला, याहून खरा मीटर कुठला?

बाबांच्या वेळी भट्टी ओली होती.
चुनखडी आणि माती पाण्यात कालवून
तिची लापशी आत सोडायची,
मग अर्ध्या वाटेपर्यंत आग
तेच पाणी आटवत बसायची.
कारखान्याच्या भिंतीपलीकडची झुझुना म्हणायची,
आधी भिजवा, मग वाळवा, तुमच्या सरकारला
धुतलेलं पीठ भाजायची हौस.

झुझुनाची स्वतःची भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण.
पाव निघाले की मागल्या आचेवर राजम्याचं मडकं,
मडकं उतरलं की नाशपातीच्या फोडी,
आणि अगदी शेवटी, कोमट राखेच्या कडेला,
नवऱ्याचे मोजे.

आम्हाला ते शिकायला चाळीस वर्षं लागली.
आता पीठ कोरडंच येतं,
पाच मजली उतरंडीतून खाली घरंगळतं,
आणि त्याच उतरंडीतून वर चढणारा धूर
आपली आच त्याच्या अंगावर उतरवून जातो.
चुलीला वैल असावा तसा,
फक्त हा वैल साठ मीटर उंच.

पंखे पूर्वी जीव खाऊन पळायचे
आणि आम्ही त्यांच्या तोंडाशी झडप ओढून धरायचो,
घोड्याला चाबूक आणि लगाम एकाच वेळी.
आता लागेल तेवढेच फिरतात.
रविवारी गिरणी थांबली की मी
साबणाचं पाणी आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन
हवेच्या पाइपांचे सांधे चाचपते.
फुगा आला की खडूची फुली.
मागच्या महिन्यात एकशे चौदा.

हे सगळं बाबांना सांगायचं राहून गेलं.
सहाला फाटकावरून फोन आला,
एक म्हातारा आलाय, हातमोजे नाहीत,
एका पायात बूट, एका पायात घरातली सपाता.
नदीपलीकडच्या खिडकीतून
त्यांना पांढरं छप्पर दिसलं होतं.

विझली का? एवढंच विचारलं.

ज्या हिवाळ्यात देशात वीज नव्हती
तेव्हा हे छप्पर असंच पांढरं झालं होतं
आणि पांढरंच राहिलं, मार्चपर्यंत, पुढच्या मार्चपर्यंत.
पगाराऐवजी साखरेची पोती मिळाली,
मग तीही नाहीत.
आमचं पियानोचं स्टूल आम्ही त्याच वर्षी जाळलं.
आमच्या गावात बर्फ वितळणं
म्हणजे घरात पैसे असणं.

गिरण्यांनी त्यांचे कान कधीच नेले होते,
म्हणून मी काही बोलले नाही.
त्यांना हाताला धरून वर नेलं,
त्यांचीच जुनी निळी काच दिली.
बराच वेळ बघत राहिले.
मग बोटांनी दाखवलं, चौदाशे चाळीस.
पडद्यावर चौदाशे बावन्न होतं.
मी मान डोलावली.

उतरताना ते भिंतीच्या कोपऱ्यात थांबले,
जिथे गरम हवेच्या नळीचा एक सांधा उघडा आहे.
तिथे दोन मांजरं होती,
आणि झुझुनाच्या दोरीवर, अगदी त्या झोतात,
मिरच्यांची माळ आणि एक टॉवेल.
बाबांनी हात शेकले. सपाता काढून पाय शेकला.
माझ्याकडे बघितलं, मग खिशातल्या खडूकडे.

वहीत तो सांधा आहे.
नळी क्रमांक सात, पूर्वेकडची बाजू,
अंदाजे नुकसान, सगळं नीट लिहिलंय.
दुरुस्तीच्या तारखेचा रकाना
मी थंडी संपल्यावर भरेन,
असं गोचाला सांगितलंय.
कुठली थंडी, ते त्याने विचारलं नाही.