एकदा वाजली तर

नगरपालिकेचा तक्ता घेऊन आलोय.
पहिला रकाना: बांधकामाचं साल.
दुसरा: भेगा, लांबी-रुंदी.
बाकी सगळ्याला शेऱ्याची दीड ओळ.

सोलोलाकीची चढण दमवते.
उंबऱ्याच्या फरशीवर लॅटिनमध्ये सुस्वागतम्,
त्यातलं मधलं अक्षर टाचांनी खाल्लेलं.
चौकटीला घंटेचं एकच बटण,
शेजारी हिरवी पडलेली पितळी पट्टी:
तेर-वोस्कानोव, एकदा.
किपियानी, दोनदा.
लोरिया, तीनदा.
पुढचं कुणी खरवडून काढलंय.

मी घाईत एकदाच दाबलं.
आत रेडिओ बारीक झाला.
पावलं आली, दाराशी थांबली, उघडेनात.
पुन्हा दाबलं. एकदाच.
बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं,
"ती आमची नव्हे. एकदावाले गेले."
कधी?
"सदतीस साली. नोव्हेंबरात."
जसे काही पाव आणायला गेलेत
आणि तिकडे रांग मोठी आहे.

नाझिब्रोला लोरिया, वय एकोणऐंशी,
टॉर्च धरून मला भेगा दाखवते.
घर बांधलं ते एकदावाल्यांनीच:
अघाजान तेर-वोस्कानोव, साबणाचा व्यापारी,
छतावर मोर काढून घेतला
आणि रंगाऱ्याचे पैसे बुडवले.
मग तिबिलिसीत लाल फौज आली,
घराचे अकरा वाटे झाले,
मोराच्या पोटातून प्लायवूडची भिंत गेली:
पिसारा किपियानींकडे, चोच लोरियांकडे.
अघाजानच्या मुलीला, आनाइतला, मिळाली
स्वतःच्याच घरातली पियानोची खोली,
पियानोसकट.
पलंगाला जागा उरेना,
सोळा वर्षं ती पियानोखाली झोपली.
मग त्या रात्री घंटा वाजली. एकदा.

नंतर कितीतरी बिऱ्हाडं आली.
कुणी सहा घेतले, कुणी सात,
एकाला तर नऊ, पाहुणे कंटाळून परत जायचे.
रिकामा एक मात्र कुणी मागितला नाही.

तुम्ही होतात तेव्हा?
"छे. सासू होती.
तिनं मला स्वयंपाक नाही शिकवला.
ऐकायला शिकवलं."

आणि पियानो?
"ब्याण्णवच्या थंडीत जाळला.
वीज नव्हती, गॅस नव्हता, रस्त्यात गोळ्या.
चार दिवस पुरला.
खर्जाच्या तारा आहेत अजून."
बाल्कनीत बोट करते. तारेवर
दोन उशांचे अभ्रे, एक पायमोजा.

भेगेवर मी प्लास्टरची पट्टी लिंपतो,
ओल्या प्लास्टरवर खिळ्यानं तारीख.
घर सरकलं तर पट्टी तडकेल.
खाली जुन्या पट्ट्या आहेत:
चौसष्ट, अठ्ठ्याऐंशी, दोन हजार दोन.
सगळ्या तडकलेल्या.
चौसष्टच्या आकड्याला माझ्या उस्तादाचं वळण,
चार उघड्या तोंडाचा.

साल: कागद नाहीत.
रहिवासी: चार.
शेऱ्याच्या दीड ओळीत
पेन टेकवून बराच वेळ उभा राहिलो.
"छताला ओल" असं लिहिलं.

निघताना पिशवी सावरतो तर
कोपर बटणावर.
एकदा.
वर रेडिओ बारीक झाला.
मी धावत वळलो,
आणखी दोनदा दाबलं, पटपट,
तीन पुरे केले.

बाल्कनीतून तिचं डोकं डोकावलं,
"काय विसरलात?"