चाकण, खराडी आणि मधलं

उदगीरहून निघताना सासऱ्यांनी विचारलं,
घर कंपनीच्या जवळच घेणार ना?
कुणाच्या कंपनीच्या, ते त्यांनी विचारलं नाही.
आम्हीही सांगितलं नाही.

माझी चाकणला, वायरींच्या जुड्या तपासायची.
मन्मथची खराडीला, ठोकलेल्या गाड्यांचे विम्याचे दावे.
केतकीच्या कंपासपेटीतून कंपास घेतला,
लॉजच्या पलंगावर नकाशा पसरला,
चाकणला टोचलं, फिरवला,
खराडीला टोचलं, फिरवला.
दोन्ही वर्तुळं जिथं एकमेकांत शिरली
तिथं दिघीच्या टेकड्या,
काटेरी तार आणि पाटी:
लष्करी हद्द. आत येऊ नये.

इथं डिपॉझिट तरी मागणार नाहीत, मन्मथ म्हणाला.
त्या आठवड्यातलं आमचं तेवढंच हसणं.

तापकीर एजंटाचं प्रत्येक घर दोन मिनिटांवर.
त्याची मिनिटं रविवारची, सकाळी सातची.
आमची सोमवारची, साडेआठची.
एका मिनिटात किती ट्रक मावतात
हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

चऱ्होलीला पाणी टँकरचं, त्याचा हिशोब वेगळा.
भोसरीला खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी,
त्यात एक माणूस दाढी करत होता, त्यानं मान हलवली.
टिंगरेनगरला सगळं होतं,
ओटा, गॅलरी, शाळा, शंभर पावलांवर बस.
भाडं ऐकून मी नळ सोडून बघितला,
नुसतं काहीतरी करायचं म्हणून.
धानोरीच्या काकूंनी आडनाव दोनदा विचारलं,
मग गाव,
मग गावात कुठल्या बाजूला.
मग त्यांना आठवलं,
पुतण्या यायचाय राहायला.

शेवटी मोशी.
गिरणीच्या वर दोन खोल्या, बारा हजार.
खाली पट्टा फिरायला लागला
की ताटातल्या वरणावर बारीक लाटा उठतात.
पण ज्वारी दळताना जो वास जिन्यानं वर येतो
तो थेट आमच्याकडचा.
त्याचे पैसे कुणी लावले नाहीत अजून.
कंपनीची बस भारतमाता चौकात थांबते.
मी पंचवीस मिनिटांत माझ्या टेबलापाशी.

मन्मथ पावणेसातला निघतो.
दोन बस, मग चालणं,
मांडीवर डबा, डब्यावर हेल्मेट नाही म्हणून टोपी.
गाडी घ्यायची होती,
ती डिपॉझिटमध्ये गेली.
बारा हजार आम्ही पाच तारखेला देतो, फोनवरून.
उरलेलं भाडं तो रोज भरतो,
विश्रांतवाडीच्या सिग्नलला,
सुट्ट्या मिनिटांत.
ह्या जागेला हे नाव कुणी दिलं असेल?

एकदा मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
महिन्याला त्याचे पंच्याऐंशी तास, माझे वीस.
दाखवलं त्याला.
खोडून टाक, म्हणाला,
आणि चष्म्यासकट झोपला.
मी खोडलं नाही. पानही फाडलं नाही.
त्याच पानावर मग दुधाचे खाडे लिहायला लागले.

केतकीच्या निबंधात पहिलं वाक्य:
माझे बाबा सकाळी असतात.
बाईंनी खाली लाल शाईनं लिहिलं, वाक्य पूर्ण कर.

काल रात्री मालकांचा फोन.
अकरा महिने होत आले, दहा टक्के वाढवू,
बघा तुम्हाला कसं जमतंय.
हो बघतो, म्हटलं, जणू बघायला काही ठेवलंय.
सकाळी नकाशा काढला कपाटावरून.
घडीवर विरलाय.
चाकणला एक भोक, खराडीला एक,
दोन्हींतून ट्यूबचा उजेड पलीकडं जातो.
कंपासच्या पेन्सिलीचं बोटाच्या पेराएवढं उरलंय
आणि पाय या वेळी जास्त फाकवावे लागणार,
आळंदीच्या पुढं, मरकळच्या पुढं,
जिथपर्यंत तापकीरची दोन मिनिटं पोचतात.

खाली गिरणी सुरू झाली.
आई, केतकी दप्तर उघडं धरून उभी,
कंपास दे, आज भूमिती आहे.