ऑर्मरॉड अँड सन्स

वकिलाचं पत्र काल आलं. मॉइरा पिलिंगच्या वतीने.
गॉर्डन मार्चमध्ये गेला, डेरेकने एकोणनव्वदमध्येच माइक खाली ठेवला,
व्हिन्स स्पेनमध्ये, दोन्ही गुडघे बदललेले.
तेव्हा उरलेल्यांनी यापुढे ते नाव लावू नये.
उरलेले म्हणजे मी.
अनेकवचन सभ्यपणापोटी असावं.

शुक्रवारी ॲक्रिंग्टनला कार्यक्रम आहे.
पोस्टरं लागली. तिकीट अठरा पौंड.
गाणार कॅलम, प्रेस्टनचा, सव्वीस वर्षांचा.
डेरेकची वरची पट्टी त्याला सहज लागते,
फक्त तिथे पोचायच्या आधी डेरेक जो घाबरायचा
ते घाबरणं याच्याकडे नाही.
लोकांना कळतं ते.
नाव ठेवलं, म्हणून नावं ठेवतात.

पत्र दुमडून मी गॅरेजमध्ये गेलो.
तिथे एक पत्रा आहे, व्हॅनच्या दाराचा,
गाडी भंगारात निघाली तेव्हा व्हिन्सने कापून आणलेला.
पिवळी अक्षरं, अक्षरांना मरून सावली:
ऑर्मरॉड अँड सन्स.
खाली, अर्धवट खरवडलेलं: ताजा पाव, रोज पहाटे.

बहात्तर साली चाळीस पौंडांना घेतली ती गाडी.
होतेच चाळीस. रंगाला काही उरलं नाही.
नेल्सनच्या क्लबात दारावरच्या माणसाने आधी गाडी बघितली, मग आम्हाला,
आणि फळ्यावर खडूने तेच लिहिलं.
आम्ही चौघं. त्यात ऑर्मरॉड एकही नाही.
कुणी दुरुस्त केलं नाही, कारण पैसे रोख मिळणार होते.
पुढे सहा महिने ॲम्प्लिफायरला यीस्टचा वास,
सांदीकोपऱ्यात पीठ.
डेरेक काळी पँट घालून स्टेजवर जायचा
आणि पाठ वळवली की पांढरा.

मग नाव झालं.

पंचाहत्तरमध्ये, बर्नलीत, सगळं आवरून झाल्यावर
एक बाई आली, पन्नाशीची, पर्स पोटाशी धरलेली.
म्हणाली, मी एडिथ ऑर्मरॉड.
गॉर्डनने सिगारेट पाठीमागे लपवली,
हेडमास्तर समोर आल्यासारखी.
ती म्हणाली, वडलांना मुलगे नव्हते.
मी एकटीच. पहाटे तीनला भट्टी मी पेटवायचे.
पण 'अँड सन्स' असलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं
असं पेंटर म्हणाला, आणि वडील म्हणाले, लिही मग.
तिने आम्हाला एकेक करून निरखलं,
खांद्यापर्यंत केस, काळी नखं, व्हिन्सचा फाटका बूट.
म्हणाली, चला. उशिरा का होईना, झाले.
चौघांना एकेक पेपरमिंट दिली आणि शेवटची बस गाठायला गेली.

हे वकिलाला कसं सांगायचं?
की जे नाव परत मागताय
ते आमच्याकडे आलं तेव्हाच खोटं होतं,
आणि आम्ही त्यात राहून राहून ते जेवढं खरं झालं, तेवढंच खरं आहे.

उत्तर मॉइरालाच लिहायला बसलो.
तू क्लेगची पिलिंग झालीस, आणि आता गॉर्डन नाही,
तरी दारावरची पाटी तू
इथे थांबलो. खोडलं.
असं बोलायचं नसतं माणसाशी.

दुसरा कागद घेतला.
लिहिलं: तिसऱ्या गाण्यात, सोलोच्या आधी,
गॉर्डनचा पाय पेडलवर कायम उशिरा पडायचा,
म्हणून आम्ही एक ठोका जास्त थांबायचो. तीस वर्षं.
नवा गिटारवाला वेळेवर येतो.
तरी मी थांबतो.
ती पोरं माझ्याकडे बघतात, मग तीही थांबतात.
आता त्यांना वाटतं, गाणं असंच आहे.

शुक्रवारी ये.
तिकीट दारावर ठेवतो.
कुणाच्या नावाने ठेवू, ते कळव.