फुशी

बांबूला जिथं गाठ असते, ती फुशी.
सासूबाई विळ्याच्या पाठीनं तिथं ठोकतात, कान देतात,
"दोन वर्षांचा. राहू दे अजून."
आणि पुढच्या बांबूकडे वळतात.

मी उत्तरेची, बर्फातली. ओइताच्या या उतारावर
लग्न होऊन आले तेव्हा
टोपलीची बूड कुठली नि काठ कुठला, एवढंच कळायचं.
शब्दही मी टोपलीसारखे चारी बाजूंनी चाचपायची.

बोटाच्या पेराला म्हणतात, तीही फुशी.
जानेवारीत सासूबाईंच्या दहाही बोटांत ती सुजते,
काठ आवळताना कामटी सुटते,
त्या बोटांनाच दरडावतात, "म्हाताऱ्यांनो, गप बसा."

फळीतली गाठ गळून पडली की भोक उरतं.
समोरचं ज्याला दिसत नाही
त्याचे डोळे म्हणजे तसलं भोक.
किहेई, माझे सासरे, कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचे,
तेव्हा स्वयंपाकघरातून हा शब्द
न चुकता उडत यायचा.

धुरात, उन्हात महिनोन्‌महिने वाळलेला बोनितो
लाकडासारखा वाजायला लागला की तोही फुशी,
फक्त माशाच्या नावामागे लागताना फ चा ब होतो.
मासा टणक होतो,
अक्षर तेवढं मऊ पडतं.

मार्चमध्ये किहेई गेले.
एकोणपन्नासाव्या दिवशी भटजी म्हणाले, हा फुशीमे,
एक पेर संपलं, आता दुसरं.
सासूबाईंनी मान डोलावली, चहा ओतला,
दोन पेले जास्तीचे.
एक कुणाचा ते कळलं. दुसऱ्याचं मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला बांबू फाडायला बसवलं.
पहिल्याच गाठीशी विळा अडला. मी जोर लावला,
पातं तिरकं गेलं, अख्खा बांबू वाया.
"तिथं भांडायचं नसतं," त्या म्हणाल्या,
"टेकव. ठोक. दोन गाठी जड जातात,
मग तोच वाट देतो."

दिला त्यानं. कडाड कडाड करत टोकापर्यंत.

आणि त्या आवाजाखाली काहीतरी चाललेलं:
सासूबाई गुणगुणत होत्या, ओठ मिटून,
तीच तीच वळणं, एकही शब्द नाही.
कुठलं गाणं, मी विचारलं.

"शब्द त्याच्याकडे असायचे," त्या म्हणाल्या,
"माझ्याकडे नुसती फुशी."

चालीलाही फुशीच म्हणतात
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.
मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले.