मधल्या सहा पिना

हर्ट्‌झ हा माझा शब्द आहे.
एकतीस वर्षं सातपूरच्या गाळ्यात मोटारी भरतोय,
तांब्याची तार, वार्निशचा वास,
आणि प्रत्येक मोटारीच्या पाटीवर ठोकलेलं पन्नास.
वीज मंडळ देतं ते पन्नास.
त्याच्या वरही काही असतं हे
ऋजुतानं सांगितलं, जेवताना, तोंडात घास असताना:
बाबा, एकशे चव्वेचाळीस.

कॉलेज रोडचा एक गेमिंग कॅफे बंद पडला,
तिथून तिनं तो मॉनिटर आणला, बत्तीसशेला,
स्कूटीवर, मैत्रिणीच्या मांडीवर, गोधडीत गुंडाळून.
मागे अजून चिकटलेलं: सीट नंबर ७.
कडेला कुणीतरी नखानं खरवडलेलं नाव,
अर्धंच.

पण तो साठच्या पुढे जाईना.
तीन रात्री ड्रायव्हर काढले, घातले, परत काढले.
सेटिंगमध्ये यादी उघडायची, तर तिच्यात एकच आकडा,
रेशन दुकानाच्या फळ्यासारखी.
फसवलं त्यानं, ऋजुता म्हणाली.
जुना झालाय, तिची आई म्हणाली,
आणि उगाच माझ्याकडे बघितलं.

मी पाना घेतला नाही. चष्मा घेतला.
मोटार उठत नसेल तर मोटारीला शिव्या द्यायच्या नसतात,
आधी वायर बघायची.
सॉकेटला भोकं चोवीस.
केबलला पिना अठरा.
मधल्या सहा जागा गुळगुळीत,
तुटलेल्या नव्हेत, जन्मतःच नसलेल्या.
दोन रस्त्यांच्या जागी कुणीतरी एकच बांधून दिलेला,
थोडं प्लास्टिक, थोडं पितळ वाचवून.

अंबड लिंक रोडला लतीफच्या भंगारात
मी खाली बसून पिना मोजत राहिलो.
अठरा. अठरा. ही तर भलतीच. अठरा.
मास्तर, किलोवर न्या की, लतीफ म्हणाला.
चोवीसवाली हाताला लागली
तेव्हा दुसऱ्यांदा चहा आला होता.
ऐंशी रुपये.

लावली. यादी उलगडली:
साठ, शंभर, एकशे वीस, आणि ते.
तरी पडदा आपण होऊन वर चढत नाही.
त्याला सांगावं लागतं.
तिनं सांगितलं.
सगळं काळं झालं.
तिची आई दारात, हाताला कणीक.

त्या काळोखात मला खैरनार आठवला.
शहाण्णव साली, रात्रपाळी, ट्यूबचा उजेड,
लेथचं चक फिरत होतं आणि त्याला थांबलेलं दिसलं.
दिवा लुकलुकतो, चक फिरतं,
कधीकधी दोघांचं जमून जातं.
त्यानं फडकं घेऊन हात पुढे केला.
तीन बोटं.
दोन उजेडांच्या मधे काय काय चाललेलं असतं
ते त्या रात्री कळलं सगळ्यांना.
मालकानं पुढच्या आठवड्यात लेथवर साधे पिवळे बल्ब टांगले.

पडदा परत आला. विचारत होता:
हे बदल ठेवायचे का?
पंधरा, चौदा, तेरा.
उत्तर नाही दिलं तर आपोआप होतं तसं होणार.
एवढी सवड.
अगं दाब ना, मी ओरडलोच.

मग किती तरी वेळ ती नुसता बाण फिरवत राहिली.
गेम उघडलाच नाही.
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, गोल, आडवा, पुन्हा गोल.
बघा ना बाबा, कुठंच तुटत नाही.
दिसतंय?

दिसतंय, म्हटलं.
तिची आई हसली.
चष्मा माझ्या कपाळावर होता.