कोरडं

दिवाळीपासून पुस्तकला पाण्यातच.
छातीभर तलाव, हातात शिंगाड्याचे वेल.
संध्याकाळी डोंग्याला टेकून लुगडं पिळते
आणि ओलंच नेसून घरी येते.

कमरेवर आधी एक गोल उठला,
रुपयाएवढा. मग बांगडीएवढा.
तलावात खडा टाकावा तशी
वलयं सरकत गेली पाठीकडे,
कडेला लाल, मधे कोरी.

बोलली नाही कुणाला.
बाजारातून पस्तीस रुपयांची ट्यूब आणली,
नावही न विचारता.
आठ दिवस थंड. नवव्या दिवशी दुप्पट.

माझ्या चुलत बहिणीच्या मांडवात
कणकेच्या परातीपाशी बसली, तर कुणी म्हणालं,
"तू राहू दे वो, तू पत्रावळी पूस."
तिनं तीनशे पत्रावळी पुसल्या,
एकदाही न खाजवता.

गोठ्याच्या मातीच्या भिंतीत
पोयाच्या माशांचं घर आहे, बापाच्या वेळचं.
चिलटाएवढ्या माशा, दाराशी डिंकाची नळी.
मागल्या साली भिंत थोडी खचली तेव्हा आत पाहिलं होतं:
एक भुंगेरा शिरलेला, त्यांच्या दसपट.
मारता येईना, ओढून नेता येईना,
तर राळेत लिंपून टाकला त्यांनी,
पायांसकट, मिशांसकट,
आणि शेजारीच पिलं वाढवली.
कुजल्याचा वास नाही.

तोच डिंक काडीनं काढला, बोराएवढा.
जवसाच्या तेलात कढवला, चिंधीतून गाळला,
वर त्यांचाच आंबट मध, चार थेंब.

"चावत नाहीत ह्या?"
"ह्यायले काटाच नाही."
"मंग कशा जगतेत?"
"लिंपून," मी म्हटलं.

उपकेंद्रातल्या नर्सबाईनं डबी हुंगून पाहिली.
लावा म्हणाली, पण ती ट्यूब फेका,
ह्या गोळ्या पुऱ्या घ्या,
आणि कोरडं नेसत जा बाई.

कोरडं.
हे औषध भिंतीत नव्हतं.

तेव्हापासून दिवस कलला की
तलावाच्या पाळीवर मी उभा असतो,
हातात वाळलेलं लुगडं.
डोंग्यांवरून बाया हसतात.
पुस्तकला हसत नाही,
बेशरमाच्या झुडपाआड जाते, बदलून येते.

वलयं थांबली का, अजून सांगता येत नाही.
तिचा हात पोचत नाही तिथं
रात्री माझं बोट फिरतं,
बाहेरून आत, बाहेरून आत.
अंधारात तिच्या पाठीला
उन्हात तापलेल्या भिंतीचा वास येतो.